दोन लाइन, पण खड्डा एकच

रस्त्याच्या कडेला जेसीबी चालू असतो. पाण्याची जुनी पाइपलाइन बदलायची असते किंवा काँक्रीटीकरणाआधीचे खोदकाम उरकायचे असते. बकेटच्या दातांत मातीबरोबर एक प्लास्टिकची नळी अडकते, ओढली जाते आणि तुटते. पाणी उडत नाही, ठिणगी पडत नाही, वासही येत नाही. काही बिघडले असे चालकाला वाटतच नाही. पण त्याच वेळी जवळच्या बँकेचे एटीएम बंद पडते, औषधाच्या दुकानात क्यूआर कोडवरून पैसे जाईनासे होतात, चौकातल्या सीसीटीव्हीचे चित्र गोठते, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरची रांग थबकते आणि परिसरातल्या मोबाइलवरून नेटवर्क गायब होते.

एक नळी तुटली तर इतक्या वेगवेगळ्या सेवा एकदम का बंद पडाव्यात? पूर्वी असे सहसा होत नसे. घरच्या टेलिफोनची तांब्याची जोडी वेगळी, बँकेची लीज लाइन वेगळी, केबल टीव्हीची वायर वेगळी. आज या सगळ्या सेवा प्रकाशात रूपांतरित होऊन काचेच्या त्याच धाग्यांतून धावतात. अभियांत्रिकीचे हे मोठे यश आहे आणि मोबाइल डेटा स्वस्त होण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. मात्र सेवा एकत्र आल्या, तेव्हा धोकेही एकत्र आले. शहरांच्या नियोजनाने याची पुरेशी दखल घेतलेली नाही. रुग्णालये आणि आपत्कालीन सेवांकडे दोन लाइन आहेत, एवढ्यावर समाधान मानले जाते. त्या दोन लाइन जमिनीखाली खरोखर वेगवेगळ्या वाटेने जातात का, हे तपासून दरवर्षी प्रमाणित करणे आता सक्तीचे व्हायला हवे.

एका धाग्यात ऐंशी रंग

ऑप्टिकल फायबरच्या काचेची जाडी १२५ मायक्रॉन असते, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या आसपास. प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची काच इतकी शुद्ध असते की १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश तिच्यातून १५ किलोमीटर गेला तरी निम्म्याच्या आसपास शिल्लक राहतो.

अशा एका धाग्यातून अनेकांचे संदेश एकाच वेळी पाठवण्याच्या युक्तीला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. तिचे दोन मुख्य प्रकार लोकल गाड्यांच्या उदाहरणाने सहज कळतात. एकाच रुळावरून काही मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडायच्या, ही झाली वेळेची वाटणी. जुन्या डिजिटल टेलिफोन व्यवस्थेत अशाच रीतीने दर सेकंदाला सुमारे २० लाख बिट वाहणाऱ्या एका लाइनवर ३० संभाषणे बसवली जात. दुसरी युक्ती म्हणजे त्याच बोगद्यात आणखी रूळ टाकणे. इथे रूळ म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबी, अर्थात डोळ्यांना न दिसणारे वेगवेगळे 'रंग'. पाठवणाऱ्या टोकाला मल्टिप्लेक्सर हे रंग एकत्र करतो आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र ते पुन्हा वेगळे करते. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे व्हावेत, तसेच हे.

या रंगांमधले अंतर फारच थोडे असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिलेल्या मापांपैकी एक आहे ५० गिगाहर्ट्झचे. १५५० नॅनोमीटरजवळ ते जेमतेम ०.४ नॅनोमीटर भरते. एवढ्या दाटीत ८० रंग बसवले आणि प्रत्येकावरून सेकंदाला १०० गिगाबिट पाठवले, तर एका धाग्याची क्षमता ८ टेराबिटवर जाते. आणि एका केबलमध्ये असे ९६ किंवा त्याहूनही अधिक धागे असू शकतात. जेसीबीच्या दातात अडकलेली 'एक नळी' म्हणजे काय, याचा यावरून अंदाज यावा.

एकाच पेटीत सगळे

दोन शहरांमधल्या लांब पल्ल्याच्या लाइनवर मुख्य प्रश्न क्षमतेचा आणि अंतराचा असतो. शहराच्या आत अंतर कमी, पण मागण्या तऱ्हेतऱ्हेच्या. कुणाला टेलिफोनच्या जुन्या लाइन हव्यात, कुणाला कार्यालये जोडणारे इथरनेट, कुणाला व्हिडिओ, कुणाला डेटा सेंटरशी थेट जोडणी. १९९० च्या दशकात यातल्या प्रत्येक कामासाठी वेगळी यंत्रे लागत आणि टेलिफोन कंपन्यांच्या केंद्रांत त्यांची कपाटेच्या कपाटे उभी असत.

हे बदलले ते बहुसेवा यंत्रांमुळे. हरतऱ्हेची सेवा आत घ्यायची, तिचे प्रवाह हव्या त्या दिशेला वळवायचे आणि सगळे मिळून प्रकाशावर चढवायचे, ही कामे एकच पेटी करू लागली. कॅलिफोर्नियातली सेरेंट ही छोटी कंपनी अशी पेटी बनवत असे. तिच्या उभारणीत भारतीय वंशाचे गुंतवणूकदार विनोद खोसला यांचा मोठा वाटा होता. १९९९ मध्ये सिस्कोने ही कंपनी सुमारे ६.९ अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतली. तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पण शहरी जाळ्यांचे भवितव्य अशाच पेट्यांत आहे, हे पुढे सिद्ध झाले. कपाटे कमी झाली, वीज कमी लागू लागली आणि नवी जोडणी द्यायला लागणारा वेळही घटला.

या जाळ्यांचे आणखी एक वचन होते. शहरातली केंद्रे गोलाकार जोडायची, म्हणजे रिंग करायची. रिंग एका जागी तुटली तरी उलट दिशेने दुसरी वाट मोकळी असते. त्या काळच्या मानकांनुसार बिघाड लक्षात आल्यावर ५० मिलिसेकंदांत वाहतूक दुसऱ्या वाटेवर वळायला हवी. पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो. हे वचन यंत्रे आजही पाळतात. पाळले जात नाही ते यंत्रांनी गृहीत धरलेले एक साधे वास्तव, ते म्हणजे दुसरी वाट खरोखर दुसरीकडून जाते, हे.

नकाशावर रिंग, जमिनीत रेघ

आराखड्यावर रिंग गोल दिसते. प्रत्यक्षात पूल एकच असतो, खोदकामाची परवानगी एकाच रस्त्याची मिळालेली असते, किंवा उड्डाणपुलाच्या कामासाठी एक केबल हलवताना ती दुसरीच्या शेजारी येऊन बसते. कधी दोन्ही केबल वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात आणि इमारतीत मात्र एकाच भोकातून शिरतात. शिवाय कंपन्या एकमेकींचे फायबर आणि नळ्या भाड्याने घेतात. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची बिले येत असली, तरी दोन्ही सेवा एकाच चरातून येत असण्याची शक्यता असते.

याचा धडा अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला १८ जुलै २००१ रोजी मिळाला. हॉवर्ड स्ट्रीटखालच्या जुन्या रेल्वे बोगद्यात मालगाडी घसरली आणि आग लागली. रेल्वेचा बोगदा ही केबल टाकायला सोयीची जागा, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्यांचे फायबर तिथूनच गेले होते. ते जळाले आणि शहराबाहेरही दूरवर इंटरनेट मंदावले. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या बोगद्यात शेजारी निघाल्या. ही अपवादात्मक स्थिती नव्हती. २०१५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या फायबर जाळ्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ९० टक्के वाहिन्या किमान दोन कंपन्या मिळून वापरत होत्या आणि निम्म्याहून अधिक वाहिन्यांत किमान चार कंपन्या होत्या.

एकत्र येण्याचा धोका फक्त मातीत असतो असेही नाही. तो यंत्रांच्या मांडणीतही असतो. ८ जुलै २०२२ च्या पहाटे कॅनडातील रॉजर्स कंपनीत देखभालीचे काम सुरू असताना मार्गनिवड करणाऱ्या यंत्रांच्या मांडणीत चूक झाली. एक चाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा लोंढा मध्यवर्ती यंत्रांवर आदळला आणि ती कोलमडली. मोबाइल आणि घरगुती इंटरनेट दोन्ही त्याच गाभ्यावर उभे होते. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक एकदम अंधारात गेले. इंटरॅक ही डेबिट कार्डाची देशव्यापी व्यवस्था बंद पडली, कारण तिची जोडणी याच कंपनीकडे होती. ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे कित्येक कॉल लागले नाहीत. दुरुस्तीसाठी धावपळ करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच जाळ्यावर असल्याने त्यांचा एकमेकांशी संपर्क तुटला. त्यानंतर कंपनीने मोबाइल आणि घरगुती इंटरनेटचे गाभे वेगळे करण्याचे जाहीर केले. बिघाड झाल्यास एकमेकींच्या ग्राहकांचे आपत्कालीन कॉल वाहून नेण्याचा करारही कॅनडातील कंपन्यांनी केला.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे

टेलिव्हिजनवरची मालिका अर्धा तास थांबली तर बिघडत नाही. रुग्णालयाचे तसे नाही. सीटी स्कॅनची चित्रे आता अनेकदा दुसऱ्या शहरातला रेडिओलॉजिस्ट वाचतो. लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवला जातो. रुग्णाचे जुने अहवाल, ॲलर्जीची नोंद, विम्याची मंजुरी ही माहिती बऱ्याचदा रुग्णालयाबाहेरच्या सर्व्हरवर असते. हृदयविकाराच्या झटक्यात आणि पक्षाघातात उपचाराला होणारा उशीर मिनिटांत मोजतात, कारण तेवढ्या वेळात स्नायू किंवा मेंदूच्या पेशी कायमच्या मरत असतात. १०८ आणि ११२ चे नियंत्रण कक्ष तर जाळ्यावरच जगतात. कॉलच पोहोचला नाही, तर रुग्णवाहिका दारात उभी असूनही उपयोग नाही.

रुग्णालयाच्या प्रशासनाला विचारले तर बहुधा 'दोन लाइन आहेत' असे उत्तर मिळते. ते प्रामाणिकही असते. पण त्या लाइन कुठून येतात, हे सांगणारा कागद त्यांच्याकडे क्वचितच असतो. जनरेटरची चाचणी होते, आग विझवण्याच्या साधनांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते. फायबरच्या वाटेची मात्र तपासणी होत नाही आणि प्रमाणपत्रही नसते. फायबर गेले तर मोबाइल आहेच, हा भरवसाही अर्धवट आहे. मोबाइलचा टॉवर हवेतून बोलतो तो फोनशी. टॉवरपासून पुढे संदेश बहुतेक वेळा फायबरनेच जातो, आणि ते फायबर त्याच चरातले असू शकते.

मुंबईसारख्या शहरात भूगोलच ही अडचण वाढवतो. शहर दक्षिणोत्तर पट्टीसारखे पसरलेले. बेट आणि उपनगरे यांच्यामध्ये मिठी नदी आणि माहीमची खाडी, तर मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये ठाण्याची खाडी. डेटा सेंटर मोठ्या संख्येने नवी मुंबईत, आणि समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. या सगळ्यांना जोडायचे तर वाटा मोजक्याच उरतात. अशा शहरात रिंग गोल राहावी यासाठी मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची टेलिफोन आणि मोबाइल सेवा मोठ्या प्रमाणावर कोलमडली होती. तेव्हा खिशात फोन होता. आता खिशातल्या त्याच फोनमध्ये बँक आहे, डॉक्टर आहे आणि रुग्णवाहिकाही आहे.

खोदण्याआधी, आणि त्यानंतरही

केबल तुटण्याचे प्रमाण थोडेथोडके नाही. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. त्या वेळी सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार बेजबाबदार खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटते आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. म्हणजे दिवसाला सरासरी पावणेतीन हजार घटना. खोदणाऱ्याने आधी कळवायचे आणि जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी सावध करायचे, ही कल्पना चांगली आहे. पण रस्त्यावरच्या उपकंत्राटदाराच्या जेसीबी चालकापर्यंत ती पोहोचली तरच तिचा उपयोग. महापालिकेच्या प्रत्येक खोदकामाच्या निविदेत ही अट असावी आणि आधी न कळवता केबल तोडल्यास भरपाई बिलातून कापली जावी. इतके केले तरी चालकाचे लक्ष नळीकडे जाईल.

तरीही केबल तुटतच राहणार. म्हणून तुटण्याचा फटका कुणाला बसू द्यायचा नाही, हे आधी ठरवायला हवे. यासाठी एक नमुना उपलब्ध आहे. जून २०१२ मध्ये अमेरिकेत डेरेचो नावाचे वादळ आले. त्यात सहा राज्यांतील ७७ आपत्कालीन कॉल केंद्रांच्या सेवेवर परिणाम झाला आणि ३६ लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ बसली. १७ केंद्रे तर पूर्ण बंद पडली. चौकशीनंतर तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये नियम केला. ९११ ची सेवा देणाऱ्या कंपन्यांनी महत्त्वाच्या लाइन प्रत्यक्ष वेगवेगळ्या वाटेने जातात का हे तपासायचे, वीजपुरवठ्याची पर्यायी सोय पाहायची आणि दरवर्षी तसे प्रमाणित करायचे.

भारतात दूरसंचार विभाग आणि ट्राय यांनी अशी तरतूद करावी. सुरुवात १०८ व ११२ चे नियंत्रण कक्ष, अतिदक्षता विभाग असलेली मोठी रुग्णालये आणि रक्तपेढ्या यांच्यापासून करता येईल. सेवा करारात 'दोन लाइन' असे मोघम लिहिण्याऐवजी त्या एकमेकींपासून किमान किती अंतरावर आहेत, कुठे जवळ येतात आणि इमारतीत किती ठिकाणांहून शिरतात, हे नमूद असावे. वाट बदलली की कंपनीने ग्राहकाला कळवणे बंधनकारक असावे. आणि वर्षातून एकदा ठरवून एक लाइन काढून पाहावी. आगीच्या कवायतीसारखीच ही कवायत. कागदावरची नोंदणी, रेडिओ लिंक किंवा उपग्रह फोन अशा पर्यायांची परीक्षा त्याच दिवशी होईल.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा असेल. दुसरी स्वतंत्र वाट खोदणे महाग असते, यात शंका नाही. पण प्रत्येक घराला ती हवी, असे कुणी म्हणत नाही. काही मोजक्या ठिकाणांचा हा प्रश्न आहे आणि अनेकदा नवे खोदकामही लागत नाही. आधीपासून असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या वाटेवर एक तरंगलांबी घेऊन काम भागू शकते. बहुसेवा यंत्रांचा आणि रंगांच्या वाटणीचा हाच तर फायदा आहे. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. केबलचे नकाशे उघड झाले तर घातपात करणाऱ्यांना आयतीच माहिती मिळेल आणि स्पर्धकांनाही. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नकाशे जाहीर करू नयेत. ते सरकारी यंत्रणेकडे सुरक्षित ठेवावेत आणि ग्राहकाला फक्त 'वाटा स्वतंत्र आहेत' किंवा 'अमुक ठिकाणी एकत्र येतात' एवढे प्रमाणपत्र मिळावे. इमारतीचा बांधणीचा आराखडा सगळ्यांना दाखवत नाहीत, पण अग्निशमन दलाचे प्रमाणपत्र मात्र लागतेच.

सेवा पुन्हा वेगवेगळ्या तारांवर न्याव्यात, असा याचा अर्थ नाही. ते शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. चार वेगळ्या तारा एकाच चरात टाकल्या तर त्या चारही एकाच वेळी तुटतील. प्रश्न चराचा आहे. पन्नास मिलिसेकंदांत वाट बदलणारी यंत्रे शहरांकडे आहेत. त्यांना बदलायला दुसरी वाट देणे, हे काम माणसांचे.

पुढच्या पावसाळ्याआधी रस्ते पुन्हा खणले जातील आणि कुठेतरी पुन्हा एक नळी ओढली जाईल. त्या रस्त्यावरच्या रुग्णालयाच्या प्रशासकाने आजच आपल्या दोन्ही कंपन्यांना पत्र लिहून एकच प्रश्न विचारावा: तुमच्या दोन लाइन कुठे कुठे एकत्र येतात? कायदा व्हायला वेळ लागेल, पत्र लिहायला लागत नाही. उत्तर 'कुठेच नाही' असे आले, तर ते लेखी मागून घ्यावे. उत्तर आलेच नाही, तर तेही एक उत्तरच समजावे आणि आपली व्यवस्था त्यानुसार करावी.